सही तुमची, पाठवणारा दुसरा

वाचकांचे प्रश्न, सीएची उत्तरं

परदेशातल्या मुलाबाळांच्या करांबद्दल आलेल्या पत्रांचा गठ्ठा समोर आहे. सोमलवाडा, देवनगर, हुडकेश्वर, काटोल रोड, गल्लोगल्ली कुणाचं तरी कुणी बाहेर आहे. जवळजवळ प्रत्येक पत्र एकाच जागी येऊन अडतं: रिटर्न तयार आहे, आता सही कोण करणार आणि कशी? आकड्यांबद्दल लोक दहादा विचारतात. सहीबद्दल मात्र ‘ती काय, फॉर्मॅलिटी’ म्हणून मोकळे होतात. म्हणून यावेळचा सगळा स्तंभ सहीला देते आहे.

उत्तरांआधी एक गोष्ट मनात पक्की करून घ्या. तुमचं रिटर्न कॉम्प्युटरवरून पाठवायची परवानगी देणं वेगळं आणि तुमच्या वतीने सही करायची परवानगी देणं वेगळं. पहिली परवानगी आपण सल्लागाराला दरवर्षी देतो, त्यात काही वावगं नाही. दुसरी मात्र कायद्याने ठरवलेल्या कारणांसाठीच देता येते, आणि तिला रीतसर कागद लागतो. खालचे बहुतेक घोटाळे या दोन परवानग्या एक समजल्यामुळे झाले आहेत.

प्रश्न: मॅडम, २०२१ च्या ऑगस्टमध्ये मी एमएस करायला अमेरिकेत गेलो. पुढे ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, कॅलिफोर्नियात नोकरी केली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरला परत आलो. आता मिहानमध्ये काम करतो. तिथल्या सल्लागाराने १०४०-एनआर (अनिवासींचं अमेरिकी रिटर्न) तयार करून फॉर्म ८८७९ ईमेलने सहीला पाठवला. लिंक उघडली की जुने पत्ते, जुनी कर्जं असं काहीबाही विचारतात. तीनदा चुकलो आणि लिंक बंद झाली. आता सल्लागार म्हणतो, ‘तुमचा पिन आम्हीच टाकतो, तुम्ही मेलवर फक्त ओके लिहा.’ १५ एप्रिल तोंडावर आली आहे. लिहू का ओके? — एक वाचक, सोमलवाडा

उत्तर: नका लिहू. नुसत्या ‘ओके’वर तुमचं रिटर्न पाठवायची त्यालाही मुभा नाही. सही केलेला ८८७९ हातात आल्याशिवाय त्याने ते पाठवायचं नाही, हा अमेरिकेच्या कर खात्याचा, म्हणजे आयआरएसचा, सल्लागारांसाठीचा स्पष्ट नियम आहे. तो तुमच्या सोयीचं बोलत असेलही, पण उद्या प्रश्न निघाला तर तुमच्या दोघांकडेही कागद नसेल.

हा फॉर्म नेमका काय आहे ते सांगते, कारण तो न वाचता सही करणारेच जास्त. ८८७९ म्हणजे रिटर्न नव्हे. ‘मी माझं रिटर्न पाहिलं आहे, ते माझ्या माहितीप्रमाणे खरं आणि पूर्ण आहे, आणि अमुक फर्मने ते इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवावं’ असं तुम्ही खोट्या साक्षीच्या शिक्षेची जबाबदारी घेऊन त्यात लिहून देता. हा कागद आयआरएसकडे जात नाही. तो सल्लागाराकडे राहतो आणि त्याने तो किमान तीन वर्षं जपायचा असतो. म्हणून स्वतःची प्रत तुम्ही मागून घ्यायलाच हवी. रिटर्नची पूर्ण प्रतही.

फॉर्मच्या पहिल्या भागात पाच आकडे असतात: समायोजित एकूण उत्पन्न, एकूण कर, कापलेला कर, परत मिळणारी रक्कम आणि भरायची रक्कम. तुमच्याकडे आलेल्या फॉर्मवर हे पाच रकाने भरलेले आहेत का, ते आधी पहा. कोरे असतील तर पेन खाली ठेवा. भरलेले असतील तर एका बाजूला मालकाने दिलेला डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) आणि दुसऱ्या बाजूला १०४०-एनआर घेऊन बसा. कापलेल्या कराचा आकडा डब्ल्यू-२ च्या दुसऱ्या रकान्याशी जुळला पाहिजे.

आता तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची ओळ. अनिवासींना अमेरिकेत एरवी स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून मिळणारी ठरावीक सरसकट वजावट, मिळत नाही. पण भारत-अमेरिका करार १९८९ साली झाला, त्याच्या कलम २१ मध्ये भारतातून गेलेल्या विद्यार्थ्यांना ती सवलत दिलेली आहे. २०२५ साठी एकट्या व्यक्तीची ही वजावट १५,७५० डॉलर आहे. तुम्ही एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर होता आणि २०२१ ते २०२५ ही पाचही वर्षं विद्यार्थी म्हणून तुमचे दिवस निवासी ठरवण्याच्या मोजणीतून वगळले जातात, म्हणून तुम्ही अनिवासी आणि म्हणून १०४०-एनआर, इथपर्यंत सल्लागाराचं बरोबर आहे. पण स्टँडर्ड डिडक्शनच्या ओळीत शून्य किंवा अगदीच किरकोळ रक्कम दिसली तर त्याला हे कलम दाखवा. भारतीय विद्यार्थ्यांची फारशी कामं न केलेल्या सल्लागारांच्या हातून ही वजावट सुटते, आणि मुलं ‘अमेरिकेतला माणूस आहे, त्याला कळत असेल’ म्हणून सही करून टाकतात. सही करण्याआधी रिटर्न पाहायचं ते यासाठी.

पिनबद्दल. हे पाच आकडी अंक म्हणजे तुमची सही. पाचही शून्यं सोडून कोणतेही चालतात. फॉर्मवर दोन चौकटी असतात. एकीत तुम्ही फर्मला पिन टाकायचा किंवा तयार करायचा अधिकार देता, दुसरीत ‘मी स्वतः टाकेन’ म्हणता. म्हणजे पिन सल्लागाराने टाकणं हे बेकायदा नाही. पण ती चौकट तुम्ही खूण करून, खाली सही करून, तारीख घालून दिलेली असली पाहिजे. ‘ओके’ने ते काम होत नाही.

ते ओळख पटवायचे प्रश्न तिथल्या तुमच्या कर्ज-क्रेडिटच्या नोंदींसारख्या माहितीतून निघतात. वर्षा-दीड वर्षाने घर बदलत राहिलेल्या, कर्ज न घेतलेल्या विद्यार्थ्याला ते जड जाणारच. तुम्ही तीनदा चुकलात यात घाबरण्यासारखं काही नाही. आयआरएसने त्याचा मार्ग सांगितलेला आहे: ऑनलाइन ओळख पटली नाही तर हाताने केलेली सही घ्यायची. फॉर्म छापा, पेनने सही करा, तुमच्या हाताने तारीख घाला, स्कॅन करून ईमेलने पाठवा. असा हस्तलिखित सहीचा फॉर्म ईमेलने, फॅक्सने किंवा टपालाने परत पाठवलेला चालतो. वर्धा रोडवरच्या कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे दहा मिनिटांत होईल. तिथल्या कॉम्प्युटरवरून मात्र फाइल पुसून टाकायला लावा, फॉर्मवर तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर असतो.

सही झाल्यावर सल्लागाराने आकडे बदलले तर? छोटा फरक चालतो: एकूण किंवा समायोजित उत्पन्नात ५० डॉलरपर्यंत, कर, कापलेला कर, परतावा किंवा देणं यात १४ डॉलरपर्यंत. त्याहून जास्त फरक पडला तर नवा ८८७९, नवी सही. वर सांगितलेली वजावट घ्यायला लावलीत तर आकडे भरपूर बदलतील, तेव्हा जुन्या फॉर्मवर सही करू नका, नवाच मागवा.

आणखी दोन गोष्टी. ८८७९ वर सही करताना रिटर्नमध्ये लिहिलेल्या बँक खात्यालाही तुमची संमती जाते. परतावा त्यात जमा होतो, देणं असेल आणि तसं लिहिलं असेल तर पैसे त्यातूनच काढले जातात. परत येताना तिथलं खातं बंद केलं असेल तर ते आजच तपासा. चालू असेल तर परतावा येईपर्यंत बंद करू नका, थेट जमा फक्त अमेरिकेतल्या खात्यात होते. दुसरं, कॅलिफोर्नियाचं अनिवासी रिटर्न, ५४०-एनआर, वेगळं असतं आणि त्याचं सहीचं अधिकारपत्रही वेगळं, एफटीबी ८८७९. केंद्राच्या फॉर्मवर सही केली म्हणजे राज्याचं झालं असं नाही. टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन या राज्यांत पगारावर राज्याचा कर नाही, तिथल्या वाचकांना हा दुसरा कागद लागणार नाही.

१५ एप्रिलच्या आत हे जमत नसेल तर फॉर्म ४८६८ भरून १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत घ्या. नुसत्या मुदतवाढीच्या या अर्जावर सही लागत नाही. सल्लागारामार्फत खात्यातून पैसे वळते करायचे असतील तरच वेगळं अधिकारपत्र लागतं, त्याचा नंबर ८८७८. मुदत रिटर्नला मिळते, कर भरायला नाही, तेव्हा देणं निघत असेल तर अंदाजाने ते १५ एप्रिललाच भरा. घाईत चुकीच्या आकड्यांवर सही करण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

आणि सल्लागार रिटर्नवर स्वतःचं नाव आणि स्वतःचा पीटीआयएन (रिटर्न तयार करणाऱ्यांना आयआरएस देतं तो ओळख नंबर) घालतो आहे ना, ते पहा. पैसे घेऊन रिटर्न तयार करणाऱ्याला ते बंधनकारक आहे. नसेल घालत तर त्याच्याकडून कामच करून घेऊ नका.

प्रश्न: ताई, पोरगा म्युनिकला आहे. बेशाला त्याचा फ्लॅट आहे, भाडं येतं. सहा वर्षांपासून त्याचा इकडचा रिटर्न मीच भरून राहिलो. त्याचा पासवर्ड माझ्याजवळ, आधारचं सिमही माझ्याच कपाटात, ओटीपी आला की टाकला, झालं. यंदा रिचार्ज राहिला आणि सिम बंद पडलं. आता मी बाप म्हणून सही करू शकतो का? नाहीतर काय करावं? — एक निवृत्त शिक्षक, देवनगर

उत्तर: काका, तुमच्या मुलाचा कर वेळेवर भरला जावा म्हणून तुम्ही हे केलंत, हे मला दिसतं. तरी स्पष्ट लिहिते: ही पद्धत बंद पडली ते बरं झालं. ओटीपी टाकून रिटर्न ई-व्हेरिफाय करणं म्हणजे रिटर्नवर सही करणं. त्या पानावर एक प्रतिज्ञा असते: मी अमुक, अमुक यांचा मुलगा, हे रिटर्न स्वतःच्या नात्याने भरतो आहे आणि यातली माहिती खरी आहे. बटण तुम्ही दाबलंत, पण प्रतिज्ञा मुलाच्या नावाने झाली. त्यात चूक निघाली तर प्राप्तिकर कायद्याच्या कलम २७७ खाली खोट्या पडताळणीसाठी जबाब मुलाला द्यावा लागेल, आणि त्याने ते पान पाहिलेलंही नसेल.

बाप म्हणून आपोआप अधिकार मिळत नाही. पण अधिकार घेता मात्र येतो. १९६१ च्या कायद्याचं कलम १४० सांगतं की माणूस भारतात नसेल तर तो स्वतः सही करेल, किंवा त्याने रीतसर नेमलेला माणूस करेल. अशा माणसाकडे वैध मुखत्यारपत्र हवं आणि ते रिटर्नसोबत जोडलेलं हवं. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आला असला तरी २०२५-२६ च्या उत्पन्नाचं रिटर्न जुन्याच कायद्याखाली भरायचं आहे, त्यामुळे यंदा हेच कलम.

इथेच बहुतेकांची गाडी अडते. मुलं म्हणतात, ‘बाबा, मी मुखत्यारपत्रावर इकडून ई-सही करून पाठवतो.’ ते चालत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० ने इलेक्ट्रॉनिक सहीला मान्यता दिली, पण त्याच्या पहिल्या अनुसूचीत काही दस्त बाहेर ठेवले, त्यात मृत्युपत्र आहे आणि मुखत्यारपत्रही आहे. २०२२ मध्ये थोडी सूट दिली, ती रिझर्व्ह बँक, सेबी अशांच्या देखरेखीखालच्या संस्थांना दिलेल्या मुखत्यारपत्रांपुरती. बापाला दिलेल्या मुखत्यारपत्राला अजूनही कागद आणि शाईच लागते. रिटर्न पूर्ण ऑनलाइन, पण त्यावर तुम्ही सही करायची तर तुमच्या अधिकाराचं मूळ कागदावर. हे एकदा समजलं की पुढचं सोपं आहे.

तुमच्या मुलाने म्युनिकच्या भारतीय वकिलातीत पासपोर्ट घेऊन स्वतः जायचं आणि मुखत्यारपत्रावर अधिकाऱ्यासमोर सही करायची. वकिलातीतल्या अधिकाऱ्यांना नोटरीचे अधिकार १९४८ च्या कायद्याने दिलेले आहेत, त्यामुळे तो शिक्का इथे चालतो. अमेरिकेतल्या मुलांना दुसराही रस्ता आहे: तिथल्या नोटरीसमोर सही करून त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपोस्टिल घेणं. अपोस्टिलचा आंतरराष्ट्रीय करार भारताला २००५ पासून लागू आहे.

मजकुराबद्दल माझं आग्रहाचं सांगणं: ‘माझी सर्व कामे करण्याचा अधिकार’ असलं सरसकट कुलमुखत्यारपत्र करू नका. प्राप्तिकराचं रिटर्न भरणं, त्यावर सही करणं, ते पडताळणं, नोटिशीला उत्तर देणं, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, एवढंच लिहा. फ्लॅट विकायचा अधिकार त्यात नको. तुमच्या मुलाचा तुमच्यावर विश्वास आहे, प्रश्न तो नाही. कागद कपाटात राहतो, आणि तो उद्या कुणाच्या हाती लागेल हे सांगता येत नाही.

कागद मूळ स्वरूपात नागपूरला आला की ज्या दिवशी तो महाराष्ट्रात पोचला त्या दिवसापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम १८ मध्ये ही मुदत आहे. मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात मूळ प्रत आणि पाकीट दोन्ही घेऊन जा. पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्यावरून तो कधी आला ते दिसतं. लोक पाकीट फेकून देतात आणि मग तारखेवरून वाद घालत बसतात.

मग प्राप्तिकराचं पोर्टल. मुलाने स्वतःच्या लॉगिनमधून ‘ऑथोराइज्ड पार्टनर्स’ या सदरात जाऊन तुमचा पॅन टाकायचा, कारण निवडायचं आणि मुखत्यारपत्राची स्कॅन प्रत चढवायची. विनंती तुमच्या लॉगिनला येईल, ती तुम्ही स्वीकारायची. त्यानंतर तुम्ही सही कराल ती तुमच्या नावाने, तुमच्या ओटीपीने, मुलाचे मुखत्यार म्हणून. त्याच्या सिमची गरज संपली.

एवढं नको असेल तर मुलाला स्वतःला सही करता येते, आणि मला विचाराल तर तेच चांगलं. त्याच्या एनआरओ खात्याच्या (अनिवासींचं भारतातलं रुपयाचं खातं) नेटबँकिंगमधून तो पोर्टलवर जाऊ शकतो, त्याला आधारची गरज नाही. तेही नसेल तर रिटर्न चढवून आयटीआर-व्ही, म्हणजे पडताळणीचा कागद, छापायचा, निळ्या शाईने सही करायची आणि मूळ प्रत कुरियरने तुमच्याकडे पाठवायची. तुम्ही ती जीपीओतून स्पीड पोस्टाने बंगळुरूच्या सीपीसीला (प्राप्तिकर खात्याच्या रिटर्न केंद्राला), पिन ५६०५००, रवाना करायची. रिटर्न चढवल्यापासून ३० दिवसांत ती तिथे पोचली पाहिजे. २०२२ च्या ऑगस्टआधी १२० दिवस मिळत, ते दिवस गेले. उशीर झाला तर पडताळणीची तारीख हीच रिटर्नची तारीख धरतात, आणि मुदत टळलेली असेल तर पाच लाखांच्या वर उत्पन्नाला ५,००० रुपये, खाली १,००० रुपये शुल्क. सहीची स्कॅन करून छापलेली प्रत चालत नाही, शाईची मूळ सहीच हवी.

जाता जाता: इतकी वर्षं तुम्ही कोणता फॉर्म भरलात ते पहा. अनिवासी माणसाला आयटीआर-१ भरता येत नाही, घरभाड्यासाठी आयटीआर-२ लागतो. आणि अनिवासी मालकाला भाडं देताना भाडेकरूने कर कापायचा असतो, अधिभार नसेल तर ३१.२ टक्के. बेशाचा भाडेकरू तुम्हाला पूर्ण भाडं देत असेल तर त्यालाही हे सांगा. तोही त्यात अडकतो.

प्रश्न: सिंगापूरला जाताना भावाने त्याचा डीएससी (डिजिटल सहीचा) टोकन आमच्या सीएकडे ठेवला. पासवर्ड टोकनवरच चिटकवला आहे. चालेल ना? — एक वाचक, काटोल रोड

उत्तर: चालणार नाही. तो टोकन आजच परत घ्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे स्वतःची खासगी किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवणं ही धारकाची जबाबदारी आहे. या टोकनने फक्त प्राप्तिकराची सही होते असं नाही. कंपनीचे कागद, टेंडर, जीएसटी, सगळीकडे ती तुमच्या भावाची सही म्हणून उमटते. ही सवय मुख्यतः आमच्याच व्यवसायाने लावली. कितीतरी ऑफिसांच्या ड्रॉवरमध्ये रबर लावलेले टोकन पडलेले असतात आणि ज्युनिअर मुलं ते गरजेप्रमाणे काढतात. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. ऑफिसवर अविश्वास दाखवायला कसंतरी होत असेल तर माझं हे उत्तर दाखवा. भावाने टोकन सोबत न्यावा, किंवा वर सांगितल्याप्रमाणे मुखत्यारपत्र करावं.

प्रश्न: बाबा तीस वर्षं ओहायोत होते. ग्रीन कार्ड परत करून नागपूरला आले. तिथलं घर भाड्याने दिलं आहे, दरवर्षी १०४०-एनआर भरतात. जानेवारीत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलतात, सगळं कळतं, पण उजवा हात चालत नाही आणि कॉम्प्युटरसमोर बसवत नाही. मी त्यांची सही करू शकते का? — एक मुलगी, बजाजनगर

उत्तर: करता येईल, आणि तुमच्या बाबांना सगळं कळतं आहे तोवरच याची तयारी करून घ्या.

अमेरिकेच्या नियमात प्रतिनिधीने रिटर्नवर सही करायला तीनच कारणं आहेत: आजार किंवा इजा, रिटर्नच्या तारखेआधी सलग किमान ६० दिवस अमेरिकेबाहेर असणं, किंवा योग्य कारण दाखवून आयआरएसची आधी घेतलेली परवानगी. तुमच्या बाबांना पहिली दोन्ही लागू आहेत. त्यासाठी फॉर्म २८४८, म्हणजे आयआरएसचं मुखत्यारपत्र, भरायचा. मुलगी म्हणून तुम्ही त्यात कुटुंबीय या नात्याने प्रतिनिधी होऊ शकता, तुम्ही सीए किंवा वकील असायची गरज नाही. पण नुसतं तुमचं नाव घालून भागत नाही. ओळ ५-ए मध्ये ‘रिटर्नवर सही करण्याचा’ अधिकार वेगळा नोंदवून कारण लिहावं लागतं. एरवी २८४८ म्हणजे आयआरएसशी बोलायचा अधिकार, सहीचा नव्हे. माझ्याकडे आलेल्या अशा फॉर्मवर ही ओळ कोरी असलेली मी वारंवार पाहते.

या फॉर्मवर बाबांची सही लागते. डाव्या हाताने जमेल तशी करू द्या, घाई करू नका. कागद आयआरएसच्या संकेतस्थळावर चढवणार असाल तर इलेक्ट्रॉनिक सही घेतात. टपालाने किंवा फॅक्सने पाठवणार असाल तर पेनचीच. मग तुम्ही रिटर्नवर सही करताना २८४८ ची प्रत त्याला जोडायची. रिटर्न इलेक्ट्रॉनिक पाठवत असाल तर ती प्रत फॉर्म ८४५३ (असे कागद पाठवायचा आवरण-फॉर्म) सोबत टपालाने वेगळी जाते. सल्लागाराला हे आधी सांगा, नाहीतर तो नेहमीसारखा ८८७९ बाबांच्या नावाने पाठवून देईल आणि तुम्ही त्यांच्या नावाने सही करून बसाल. तसं करू नका. तुम्ही सही करायची ती तुमच्या नावाने, त्यांच्या वतीने.

घरभाडं असल्यामुळे, पगार नसल्यामुळे, त्यांची तारीख १५ एप्रिल नाही, १५ जून आहे. वेळ आहे. ओहायोचं राज्याचं अनिवासी रिटर्न वेगळं, त्याच्या सहीबद्दल सल्लागाराकडून लेखी विचारून घ्या. बाबांना लवकर आराम पडो. फिजिओथेरपी सोडू नका.

प्रश्न: मॅम, मी मागच्या ऑगस्टला एफ-१ वर आले. उत्पन्न काहीच नाही. कॉलेजने फॉर्म ८८४३ (विद्यार्थ्याचे दिवस निवासाच्या मोजणीतून वगळण्याचं निवेदन) भरायला सांगितलं. आईबाबा नागपूरला आहेत, ते ऑनलाइन सही करून पाठवू शकतील का? — एक विद्यार्थिनी, मूळची हुडकेश्वर रोडची

उत्तर: बेटा, तुला एकेरीच लिहिते. आईबाबांना यात घालूच नको, तुझ्या हातचं काम आहे. उत्पन्न नसेल तर ८८४३ एकटाच जातो आणि तो एकटा ऑनलाइन जात नाही. छाप, पेनने सही कर, तारीख घाल आणि ऑस्टिन, टेक्सास, पिन ७३३०१-०२१५ इथल्या आयआरएस केंद्राला पाठव, १५ जूनच्या आत. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर तो रकाना मोकळा ठेव, फक्त यासाठी नंबर काढायची गरज नाही. पाठवण्याआधी सही केलेल्या प्रतीचा फोटो काढून ठेव, पुढे व्हिसा बदलताना लागू शकतो. आणि कॅम्पसवर तासाच्या हिशेबाने एखादं काम धरलंस तर पुढच्या वर्षी हा फॉर्म १०४०-एनआरला जोडून जाईल; तेव्हा सहीसाठी ८८७९ येईल, तो आला की या अंकातलं पहिलं उत्तर वाच आणि पाच रकाने भरलेले आहेत का ते पाहूनच सही कर.